डब्यातल्या राणीछाप रुपयांची किंमत



सासूबाई किंवा आई गेल्यावर फडताळामागून एक डबा निघतो. आत हळदकुंकू लागलेले लक्ष्मीपूजनाचे रुपये, दोन-चार भोकाचे पैसे, एखादी शिवराई. गटाचा हप्ता तोंडावर असतो आणि कुणीतरी म्हणतं, "स्वारगेटला उतर, सराफाकडं जा, मोडून टाक." मोडायला हरकत नाही. पण आधी घरी हिशोब करा.

नाणी घासू नका. चिंच नको, राख नको, पीतांबरी तर नकोच. घासलेल्या नाण्याला संग्राहक कमी पैसे देतो.

आता साल बघा आणि ढीग लावा. १८३५ ते १९३९ पर्यंतचा इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅमचा. त्यात शंभराला जवळजवळ ९२ भाग चांदी, म्हणजे १०.६९ ग्रॅम. १९४० ते १९४५ च्या रुपयाचं वजन तेवढंच, पण चांदी निम्मी, ५.८३ ग्रॅम. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा, त्यात चांदी नाहीच. लोहचुंबक लावा, निकेलचा रुपया चिकटेल, चांदीचा चिकटणार नाही.

समजा डब्यात जुने १४ आणि चाळीसनंतरचे ६ रुपये आहेत. १४ गुणिले १०.६९ म्हणजे १४९.६६ ग्रॅम. ६ गुणिले ५.८३ म्हणजे ३४.९८. एकूण शुद्ध चांदी १८४.६४ ग्रॅम. पेपरातला चांदीचा किलोचा भाव हजारानं भागा आणि याला गुणा. नाणी झिजलेली असली तर थोडं कमी भरेल, सराफ आपली घटही धरील. पण त्यानं सगळीच नाणी निम्म्या चांदीची धरली तर हिशोब ११६.६ ग्रॅमवर येतो. म्हणजे ६८ ग्रॅम चांदी गेली!

तोळ्याचंही असंच. जुन्या काळी रुपयाभार म्हणजेच एक तोळा, ११.६६ ग्रॅम. आजचा सराफी तोळा १० ग्रॅमचा. "वीस रुपये म्हणजे वीस तोळे" असं बोलून कुणी २०० ग्रॅम लिहिलं, तर वजनातच ३३ ग्रॅम गेले. म्हणून तोळा बोलू नका, ग्रॅममध्ये काट्यावर मोजून घ्या.

हा झाला चांदीचा भाव. त्याहून जास्त मिळेल का, ते साल, टांकसाळ आणि छाप किती स्वच्छ आहे यावर ठरतं. १९३९ चा रुपया दुर्मिळ, म्हणून त्याच्या नकलाही खूप. १९११ च्या पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, तो रुपया परत घेतला गेला आणि पुढच्या वर्षी चित्र बदललं. असं नाणं वितळवू नये, दोघा-तिघा संग्राहकांना दाखवावं. शिवराईत तांब्याची किंमत फारशी नाही, पण अक्षरं वाचता येत असतील तर तीही दाखवाच. कडी लावलेल्या नाण्याला मात्र बहुतेक चांदीचाच भाव.

रामदरबाराचं चित्र आणि "ईस्ट इंडिया कंपनी १८१८" असं लिहिलेलं नाणं चलनातलं नव्हेच. वैष्णोदेवीचं पाच-दहाचं नाणं लाखाला जातं असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँक जुनी नाणी विकत घेत नाही आणि त्यासाठी कमिशनही मागत नाही. बँकेनं २०२१ मध्ये तसं जाहीर सांगितलं आहे.

डबा सासूबाईंचा असेल तर नणंदेला विचारल्याशिवाय मोडू नका. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मृत्युपत्र नसेल तर बाईच्या मालमत्तेत नवरा, मुलगे आणि मुली यांचा सारखा वाटा असतो. नंतर भांडणापेक्षा आधीच दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वहीत साल आणि वजन लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. शेतात नांगरताना सापडलेला हंडा मात्र वेगळा. १८७८ च्या कायद्यानं ते कलेक्टरला कळवावं लागतं.

पुण्याला जाताना डबा न्यायचा नाही. स्वारगेटच्या एसटी स्टँडवरची गर्दी तुम्हाला माहीतच आहे. फोटो, वही आणि नमुन्याची दोन नाणी कमरेच्या पिशवीत घ्या. स्वारगेटहून मेट्रोनं एकच स्टेशन, मंडई. तिथून लक्ष्मी रोडची सराफी पेठ चालत गाठता येते. निदान तीन दुकानांत विचारा, गटातली एक बाई सोबत न्या. भाव पटला तरी त्या दिवशी विकू नका, घरी येऊन सगळ्यांना सांगा. पुढच्या खेपेला नाणी न्या आणि वजन व भाव लिहिलेली पावती घेऊनच उठा.