पेटी आधी, रेडिओ नंतर

वायरलेस इंटरनेटची लिंक पडली की सगळ्यांच्या माना वर जातात. डिश हलली का, रेडिओ गेला का, समोर नवीन इमारत उभी राहिली का? खरा बिघाड बहुतेक वेळा खाली, बॅटरी आणि स्विच ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीत असतो. नाशिकच्या पंचवटीत आणि तिच्या उत्तरेला म्हसरूळ, मखमलाबाद, दरी, मुंगसरे या भागात लहान इंटरनेटवाल्यांसाठी मी या पेट्या बनवून बसवतो, त्यामुळे दुसऱ्यांच्या बसलेल्या पेट्या उघडायची वेळही माझ्यावरच येते. 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्‌झचा मोठा पट्टा परवानामुक्त झाला (इंटरनेट विकायला परवाना आजही लागतोच) आणि गच्चीगच्चीवर रेडिओ चढले. रेडिओ चांगले आले. पेटीचा विचार मात्र शेवटी, उरलेल्या पैशांत झाला.

हिरावाडीतल्या एका सोसायटीच्या गच्चीवरची पेटी मी विसरणार नाही. गडद करडा रंग, तोंड पश्चिमेला, आत दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या, इन्व्हर्टर, स्विच, सगळं एकाच कप्प्यात. पाणी शिरू नये म्हणून प्रत्येक फटीत सिलिकॉन भरलेलं. मे महिन्यात लिंक दुपारी पडायची आणि संध्याकाळी आपोआप यायची. मालकाने दोनदा रेडिओ बदलला. पेटी उघडली तेव्हा बॅटऱ्या फुगून कप्प्यात अशा अडकल्या होत्या की बाजूचा पत्रा ग्राइंडरने कापून त्या बाहेर काढाव्या लागल्या. बाहेर 40 अंश असताना उन्हातल्या गडद पेटीच्या आत पारा 60 च्या आसपास जातो. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य 25 अंशांवर धरलेलं असतं आणि त्यावर दर 10 अंशांना ते साधारण निम्मं होतं. चार वर्षांची म्हणून घेतलेली बॅटरी दुसऱ्याच उन्हाळ्यात का जाते, याचं उत्तर यात आहे.

म्हणून माझा पहिला आग्रह जागेचा. पाण्याच्या टाकीची किंवा जिन्याच्या खोलीची उत्तरेकडची भिंत शोधा. पेटी पांढरी पावडर कोटिंग केलेली घ्या. वर दुसरं छप्पर लावा, मध्ये बोटभर-दोन बोटं हवा खेळू द्या; ऊन त्या पत्र्यावर पडतं, पेटीवर नाही. बॅटरीला खालचा वेगळा कप्पा द्या. गरम हवा वर चढते, त्यामुळे इन्व्हर्टर किंवा एसएमपीएस बॅटरीच्या खाली कधीही नको.

पाण्याची गोष्ट अधिक फसवी आहे. वळवाचा पाऊस दुपारी चार-पाचला येतो, पेटी तापलेली असते. गार पाण्याचा मारा झाला की आतली हवा एकदम आकसते आणि जिथे गॅस्केट थोडं सैल असेल तिथून पाणी आत ओढून घेते. घट्ट बंद पेटीत एकदा शिरलेलं पाणी मग बाहेर पडत नाही. दिवसा त्याची वाफ होते, रात्री ती स्विचवर जमते. मार्गशीर्ष-पौषातल्या नाशिकच्या थंडीत तर पाऊस नसतानाही झाकणाच्या आतून थेंब लोंबताना मी पाहिले आहेत. उपाय स्वस्त आहे: तळाला सर्वात खालच्या कोपऱ्यात बारीक भोक आणि त्यावर मुंग्या-पाली शिरणार नाहीत अशी स्टीलची जाळी. पेटी श्वास घेणारच आहे, तिला खालून घेऊ द्या.

‘आयपी 65’ असं छापलेलं पाहून निर्धास्त होणाऱ्यांनाही सांगतो. त्यातला 6 धुळीसाठी आणि 5 पाण्याच्या फवाऱ्यासाठी असतो, पण तो आकडा कारखान्यातून निघालेल्या पेटीचा. जागेवर ड्रिल मारून वरून केबल आत घेतली की त्या आकड्याला अर्थ राहिला नाही. सगळ्या केबल तळातून, प्रत्येकीला तिच्या मापाचा ग्लँड, आणि आत शिरण्याआधी केबलला खाली झोल. तरीही एक वाट उरते. टॉवरवर उन्हाने साल तडकलेल्या साध्या लॅन केबलमध्ये पाणी शिरतं, सालीच्या आतून खाली उतरतं आणि थेट पेटीतल्या कनेक्टरमध्ये निघतं. रेडिओला त्याच केबलमधून वीज देणाऱ्या पीओईचा डीसी प्रवाह चालू असल्याने पिनांवर हिरवट थर चढतो. बाहेरच्या वापराची, उन्हाला टिकणारी, जेल भरलेली केबलच घ्या. मखमलाबादकडे द्राक्षबागांत गंधक धुरळतात, तिथे उघडी तांब्याची टोकं काळी पडतात. अशा जागी धुळीचा 6 खरोखर सांभाळावा लागतो.

वीज किती लागते याचा हिशेब आधी कागदावर करा. तीन रेडिओ आणि एक स्विच मिळून साधारण 40 वॉट धरा. 12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत 1,280 वॉट-तास असतात. 80 टक्के वापरले तर हजारावर, म्हणजे एक दिवस निघतो. त्याच आकड्याची लेड-ॲसिड निम्म्याखाली नेली की लवकर मरते, म्हणून हाती 600 येतात. यात बॅटरीच्या डीसीचं इन्व्हर्टरने एसी करायचं आणि ॲडॉप्टरने पुन्हा डीसी, हा प्रकार सरळ बंद करा. रिकामा चालणारा इन्व्हर्टरसुद्धा रेडिओइतकी वीज खातो. थेट डीसीवर चालवा, आणि बॅटरी ठरावीक व्होल्टेजखाली गेली की लोड तोडणारं सर्किट लावा.

अर्थिंगला कात्री लावू नका, हे मी हात जोडून सांगतो. मे-जूनचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, दोन्ही विजांचे. टॉवरची अर्थ वेगळी, पेटीची वेगळी, मीटरची तिसरी, असं असलं की जवळ वीज पडताच फरकाचा दाब लॅन केबलमधून वाट काढतो आणि स्विचचे सगळे पोर्ट एका झटक्यात जातात. तिन्ही जाड पट्टीने एकत्र बांधा, सर्ज प्रोटेक्टरची अर्थवायर आखूड आणि सरळ ठेवा. आपल्याकडे खाली बेसॉल्टचा खडक आहे; उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की रोध वाढतो. म्हणून मोजणी पावसाळ्यात नको, एप्रिलमध्ये करा, आणि ती 5 ओहमच्या खाली येईपर्यंत काम पूर्ण समजू नका.

रामकुंड, गंगाघाटाच्या बाजूला आणखी एक काळजी आहे. 2 ऑगस्ट 2016 ला आणि पुन्हा ऑगस्ट 2019 मध्ये गोदेचं पाणी कुठवर चढलं ते तिथल्या प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे. त्यांना विचारा, भिंतीवर खूण करा आणि पेटी तिच्या बरीच वर लावा. लोखंडी जिन्याखालची जागा सोयीची वाटते, म्हणून तिथे बॅटऱ्या ठेवू नका.

सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात आहेत. तपोवन आणि साधुग्रामच्या परिसरात त्यासाठी घाईघाईत खांब उभे राहतील, पेट्या लागतील. त्या गर्दीत भरपावसात शिडी लावून झाकण उघडायला कुणालाही जाता येणार नाही. हे काम हाती घेतलं असेल तर पेट्या एप्रिल 2027 पर्यंत जागेवर चढवा, मेचं ऊन आणि पहिला वळीव त्यांच्यावरून जाऊ द्या, आणि जूनच्या आरंभी प्रत्येक पेटी एकदा उघडून आत हात फिरवून बघा.