घोडा, मोटार आणि विकणाऱ्याचं मौन

माझ्या भाच्यानं ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमधल्या एका विक्रेत्याकडून जुनी डिझेल गाडी घेतली, ती ऐन जानेवारीत. मे महिन्यात एसी लावून बाहेर पडला आणि तापमानाचा काटा लाल पट्टीवर गेला. लष्कर भागातल्या मिस्त्रीनं हेड उतरवलं आणि म्हणाला, “ये तो पहले भी उतरा है, बाबूजी.” हेड कधीतरी तापून वाकलेलं, घासून सपाट करून परत बसवलेलं, आणि गॅस्केट पुन्हा उडालेलं. त्या उन्हाळ्यात मिस्त्रीच्या स्टुलावर बसून जे पदरात पडलं, ते असं.

1. मेळ्याच्या मोसमात स्वस्त मिळतं, पण दिसतं कमी. 1905 साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला ग्वाल्हेरचा मेळा मुळात गुरांचा. आता तिथे मोटारींचीच गर्दी. अलीकडे अनेक वर्षं मेळ्यात घेतलेल्या नव्या गाडीवर राज्य सरकारनं रोड टॅक्समध्ये 50 टक्के सूट दिली. लोक नवी घेतात, जुनी काढून टाकतात. भाव उतरतो हे खरं. पण आपल्याकडच्या मेळ्याच्या दिवसांतल्या धुक्यात आणि गारठ्यात आजारी इंजिनही गुमान चालतं. त्याचं दुखणं बाहेर येतं पंचेचाळीस अंशांत.

2. थंडीत गाडी बघायची तर हीटर लावून बघावी. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. इंजिन वारंवार तापू लागलं की काही जण थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, म्हणजे पाणी सतत फिरत राहतं आणि काटा खाली राहतो. अशा गाडीत थंडीत बराच वेळ चालवूनही हीटरची हवा कोमटच येते. विकणारा म्हणेल, “हीटर का क्या है, यहाँ दो महीने की ठंड.” तिथेच थांबावं.

3. “मी येईपर्यंत स्टार्ट करू नका,” असं आदल्या दिवशी सांगून ठेवावं आणि पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावावा. गरम लागलं तर का, ते विचारावं. थंड इंजिन सुरू होतानाच खरं बोलतं. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय: रिंगा किंवा व्हॉल्व्हची सील गेलेली. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट आत शिरतंय. मग चालू इंजिनवर ऑईलचं झाकण उघडावं. तिथून धुराचे झोत बाहेर येत असतील तर त्याला मिस्त्री ‘बॅक कंप्रेशन’ म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर बिलाची रक्कम दिसते. झाकणाच्या आत सायीसारखा पांढुरका थर असेल तर ऑईलमध्ये पाणी मिसळत असल्याची शंका घ्यावी. मात्र थंडीत फक्त जवळ-जवळ फिरणाऱ्या गाडीतही थोडा ओलावा साचतो, तेव्हा एवढ्यावर निकाल देऊ नये. हेडच्या सांध्याशी ताजं सीलंट किंवा बोल्टांवर पान्याचे ओरखडे मात्र स्पष्ट सांगतात की इंजिन उघडलंय.

4. सपाट रस्त्यावरची चक्कर ही चक्कर नव्हे. एसी लावून उरवाई दरवाज्याच्या बाजूनं गाडी किल्ल्याच्या चढावर न्यावी आणि तापमानाचा काटा बघावा.

5. किलोमीटरचा आकडा मागे फिरवलेला नसला तरी अर्धंच सांगतो. दिल्लीत 10 वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादानं 2015 मध्ये बंदी घातली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती उचलून धरली. तिकडून आलेली गाडी स्वस्त वाटते. पण वाहतुकीच्या कोंडीत उभ्या-उभ्या चाललेले तास मीटरवर उमटत नाहीत.

6. विकणाऱ्याचं मौन कायद्याला चालतं. 1872 च्या भारतीय करार कायद्यात, कलम 17 खाली, एक घोडा आहे. घोडा आजारी आहे हे ठाऊक असून विकणारा लिलावात गप्प राहिला, तर ती फसवणूक नव्हे, असं उदाहरण दिलंय. घेणारी त्याची नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर मात्र त्यानं सांगायलाच हवं. (भाचा कुठल्याच विक्रेत्याची मुलगी नाही.) पुढचं उदाहरण आपल्या कामाचं: घेणारा म्हणाला, “तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर मी घोडा निरोगी धरतो,” आणि विकणारा गप्प बसला, तर ते मौन बोलण्याइतकंच धरलं जातं. म्हणून सौद्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर एकच ओळ पाठवावी: इंजिन कधी उघडलेलं नाही आणि गाडी पाण्यात बुडालेली नाही असं मी समजतो, तसं नसेल तर कळवा. भांडण नको म्हणून माणसं हे टाळतात. मला उलट वाटतं. प्रामाणिक विक्रेता या ओळीला दोन मिनिटांत उत्तर देतो.

पण कलम 19 मध्ये एक मेख आहे: साध्या काळजीनं जे कळलं असतं ते तुम्ही बघितलंच नाही, तर मौनाच्या आधारावर करार मोडता येत नाही. त्यामुळे तपासणीला मिस्त्री न्यावा आणि त्याच्या हातची चिठ्ठी ठेवावी.

7. गाडी कुणाकडून घेतली यावर पुढचा रस्ता ठरतो. धंदा म्हणून विकणाऱ्याविरुद्ध 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं, साधारण दोन वर्षांच्या आत. शेजाऱ्यानं आपली घरची गाडी विकली असेल तर तो दरवाजा बंद. दिवाणी न्यायालय उरतं. दोन्हीकडे पुरावा लागतो, आणि इथे भाच्याची घाई नडली असती. “मामा, लवकर उघडून टाकू,” तो म्हणत होता. आधी विक्रेत्याला लेखी कळवलं, येऊन बघण्याची मुदत दिली, मग मिस्त्रीला पाना लावू दिला. प्रत्येक पायरीचे फोटो काढले, जॉब कार्डवर सही-शिक्का घेतला. जुनं गॅस्केट मिस्त्री सवयीनं भंगारात फेकणार होता. ते मागून घेतलं आणि गाडीच्या नंबरची चिठ्ठी लावून पिशवीत बांधून ठेवलं.