नौदलाचे विमान म्हणजे निळेच?

प्रश्न : माझ्या मुलाने विक्रांतवरच्या ‘सी हॉक’चे १/७२ प्रमाणातले मॉडेल आणले आहे. नौदलाची जुनी जेट विमाने गडद निळी असत ना? आम्ही निळा रंग घेऊन ठेवला आहे. जोडणीत काय सांभाळावे? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : तो निळा रंग वाया जाणार नाही, पण तो अमेरिकी नौदलाच्या ‘पँथर’सारख्या विमानांचा. सी हॉक ब्रिटिश बनावटीचे. वरची बाजू गडद समुद्री करडी आणि खालची फिकट हिरवट छटेची, ज्याला ब्रिटिश ‘स्काय’ म्हणतात. आपल्या नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची, म्हणजे १९७१ मध्ये चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले करणारी विमानेही याच रंगांत होती. दोन रंगांची सीमा मात्र जुनी छायाचित्रे पाहूनच ठरवा.

सर्वांत महत्त्वाचे : धडाचे दोन भाग चिकटवण्याआधी नाकात वजन भरा. मासेमारीच्या गळाची शिशाची गोळी चालते, पण ती मोठ्यांनी बसवावी आणि हात धुवावेत. वजन विसरलात तर विमान शेपटीवर बसेल, आणि नंतर उपाय अवघड. इंजिनाचा झोत शेपटीतून नव्हे, पंखांच्या मुळाशी दोन्हीकडून बाहेर पडतो. तिथली फट नीट घासून बुजवा.

आधी प्रायमर, मग फिकट रंग, तो पूर्ण वाळल्यावर मास्किंग टेप लावून करडा. मुलासाठी पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंगच घ्या. स्प्रे वापरलात तर खिडक्या उघड्या ठेवा. डिकल लावण्याआधी चकचकीत वार्निशचा हात द्या.

गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात खरे सी हॉक उभे आहे. मुलाला जरूर दाखवा.