सलग देखाव्याचें चित्र व सॉफ्टवेअरची निवड

आमच्या वरणगांवाजवळ तापीवर हतनूर धरण आहे, हें विद्यार्थिमित्रांस सांगणें नकोच. त्याला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यांत ते उघडले म्हणजे सारा देखावा एकाच चित्रांत सांठवून ठेवावा, असें कोणास वाटणार नाहीं? परंतु कॅमेऱ्याची दृष्टि आखूड. म्हणून ओळीनें अनेक छायाचित्रें घेऊन तीं संगणकावर जोडावीं लागतात. अशा जोडचित्रास पॅनोरामा म्हणतात. हें काम करणारीं सॉफ्टवेअरें पुष्कळ आहेत. त्यांतून निवड कशी करावी, याचा येथें विचार करूं.

प्रथम जोडणी कशी होते तें पाहूं. शेजारच्या दोन छायाचित्रांत कांहीं भाग सामाईक असतो. त्यांतील ठळक खुणा, जसें भिंतीचा कोपरा किंवा खांबाचें टोक, संगणक हुडकतो आणि दोहोंकडील सारख्या खुणांच्या जोड्या लावतो. खुणा हुडकण्याची 'सिफ्ट' नांवाची रीत कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे डेव्हिड लोव यांनीं १९९९ सालीं मांडली. तिच्याच आधारें मॅथ्यू ब्राउन व लोव यांनीं २००३ सालीं छायाचित्रें आपोआप जुळविण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

आतां अडचण पाहा. धरणाचे दरवाजे सारे एकसारखे. सातवा कोणता व आठवा कोणता, हें संगणकास सहज उमगत नाहीं. आम्हीं एकदां नदीकांठावरून नऊ छायाचित्रें घेतलीं व सर्व काम आपोआप करणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या स्वाधीन केलीं. चित्र इतकें सुबक उतरलें कीं, सांधा कोठें दिसेना. पण बोट ठेवून मोजूं लागलों, तों दरवाजे भरले ३९! दोन दरवाजे सांध्यांत गडप झाले होते. चित्र सुंदर होतें, पण खोटें होतें.

यावरून निवडीची पहिली कसोटी ठरते. खुणांच्या जोड्या डोळ्यांनीं तपासतां व हातानें दुरुस्त करतां आल्या पाहिजेत. 'हगिन' व 'पीटीगुइ' या दोहोंत ती सोय आहे. पीटीगुइ विकत घ्यावें लागतें. हगिन विनामूल्य असून जर्मनीच्या हेल्मुट डेर्श यांनीं रचलेल्या 'पॅनोरामा टूल्स'वर उभारलेलें आहे. तें शिकण्यास मात्र थोडा धीर हवा.

दुसरी कसोटी टिकाऊपणाची. मायक्रोसॉफ्टचें 'इमेज कॉम्पोझिट एडिटर' फुकट व सोपें होतें, पण कंपनीनें तें मागें घेतलें. 'ऑटोपॅनो' करणारी कोलोर ही फ्रेंच कंपनी २०१८ सालीं बंद झाली. हगिनची मूळ रचना सर्वांस खुली असल्यानें एकानें सोडलेलें काम दुसऱ्यास उचलतां येतें.

तिसरी कसोटी आकाराची. फार रुंद देखावा सपाट कागदावर मांडतांना कांहींतरी वांकतेंच. सरळ रेषा सरळ ठेवाव्या तर चित्राच्या कडा ताणल्या जातात; कडा सांभाळाव्या तर धरणाची सरळ भिंत धनुष्यासारखी दिसते. म्हणून मांडणीचे निरनिराळे प्रकार निवडूं देणारें सॉफ्टवेअर बरें.

मात्र उत्तम सॉफ्टवेअरही वाईट छायाचित्रें सुधारीत नाहीं. परवानगी असेल तेथेंच उभें राहावें. चालत चालत छायाचित्रें घेऊं नयेत. एकाच जागीं कॅमेरा फिरवावा. प्रत्येक छायाचित्रांत मागील छायाचित्राचा सुमारें चौथा हिस्सा यावा आणि प्रकाशाचें माप सर्वांस एकच ठेवावें. वाहतें पाणी क्षणोक्षणीं बदलतें. म्हणून सांधा पाण्यावर न धरतां भिंतीवर धरावा.

शेवटीं एक विनंति. मूळ छायाचित्रें कधींही पुसूं नयेत, आणि चित्र कोणास दाखविण्यापूर्वीं दरवाजे एकदां मोजावे. जोडण्याचें काम संगणकाचें असलें, तरी तें खरें आहे असें म्हणण्याची जबाबदारी आपलीच आहे.