चुलीवरची कढई : शिबिराला निघण्यापूर्वीचा एक पाठ



हिवाळी शिबिराची तयारी सुरू झाली की दरवर्षी एक प्रश्न हमखास निघतो. मुलांना उघड्यावर चूल मांडून पुऱ्या-भजी तळू द्यायची की नाही? काही पालकांचे म्हणणे असते की घरी आम्ही त्यांना गॅसजवळही उभे करीत नाही. आजी-आजोबा म्हणतात, त्यात काय, आमचे बालपण चुलीपुढेच गेले. विश्वस्त विचारतात, काही झाले तर जबाबदारी कोणाची? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. माझे मत असे की आठवीपासून पुढच्या मुलामुलींना तळू द्यावे, मात्र पुढचा पाठ समजून घेतल्यावरच. पाचवी ते सातवीच्या मुलांनी भाजावे.

भाजण्यात कमीपणा काही नाही. रायगडकडे वालाच्या शेंगा मडक्यात भरून, भांबुर्ड्याचा पाला लावून पोपटी करतात. आपल्या गुजरातेत वलसाडकडे तसेच उंबाडियुं होते. मडके उलटे ठेवायचे, भोवती आग करायची आणि लांब बसून गप्पा मारायच्या. तेलाचा थेंब उडण्याची भीती नाही. बटाटे, रताळी आणि कणसेही निखाऱ्यांवर उत्तम होतात.

तळणे हे वेगळे प्रकरण आहे. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरवले. तेव्हापासून स्काउटांच्या पुस्तकांत शेकोटीवरचा स्वयंपाक शिकवला जातो. पण त्या पुस्तकांतले तळणे बहुधा सपाट तव्यावर, चमचाभर चरबीत असते. त्याला आपण ‘परतणे’ म्हणू. आपली भजी, पुऱ्या, मेथीचे गोटे यांना कढईभर तेल लागते. डाकोरला पौर्णिमेला गेलेल्यांनी गोट्यांच्या मोठाल्या कढया पाहिल्याच असतील. म्हणून परदेशी पुस्तकातली सूचना जशीच्या तशी उचलून आपले काम भागत नाही.

आता विज्ञान. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, तर तळणीचे तेल साधारण १७० ते १९० अंशांवर असावे लागते. ओले पीठ त्यात पडताच पिठातल्या पाण्याची वाफ होते, आणि बुडबुडे दिसतात ते त्या वाफेचे. वाफ बाहेर येत असते तोवर तेल फारसे आत शिरत नाही. बाहेरचा थर वाळून कुरकुरीत होतो. आतला भाग मात्र ओला असल्याने १०० अंशांच्या आसपासच राहतो आणि शिजतो. बुडबुडे मंदावले की भजी होत आली असे समजावे. तेल गार असेल तर हाच खेळ बिघडतो: वाफ जोर धरत नाही, भजी तेल पिते आणि जड होते. तेल फार तापले तर वरून काळी, आतून कच्ची. पिठाचा एक थेंब टाकून पाहावा. तो तळाशी बसून राहिला तर तेल गार, लगेच वर येऊन हलके फुलला तर बरोबर, पडताक्षणी काळा झाला तर फार तापलेले. थर्मामीटर नको.

घरी तेल तापले की आपण बटण फिरवतो. चुलीला बटण नाही. लाकडाच्या जाळाचे तापमान ६०० अंशांच्या वर जाते आणि वाऱ्याच्या एका झुळकेने ते बदलते. रिफाइंड शेंगतेल साधारण २३० अंशांना धुरू लागते, गाळलेले कच्चे तेल त्याच्या बरेच आधी. तेलातून धूर येऊ लागला की तो इशारा समजावा. ३०० अंशांच्या पुढे तेलाची वाफ पेट घेऊ शकते. पंचाईत अशी की चुलीचाही धूर असतोच, आणि दोन्ही धुरांत नवख्याची फसगत होते. तेलाचा धूर निळसर असतो, कढईतून उठतो आणि डोळ्यांना झोंबतो.

म्हणून प्रत्येक कढईपाशी दोघे हवेत. एक तळणारा, एक सरपण सांभाळणारा. दुसऱ्याचे काम दुय्यम समजू नका. मला तर तेच अवघड वाटते. आच वाढली की लाकूड मागे ओढायचे, कमी झाली की आत सारायचे, आणि शक्यतो ज्वाळेऐवजी निखाऱ्यांवर तळण होईल असे पाहायचे. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे ‘वैल’ हा शब्द मला फार उशिरा कळला. मोठ्या चुलीची उरलेली धग शेजारच्या ज्या तोंडाकडे जाते, तो वैल. मंद आचेची गरज आपल्या आज्या-पणज्यांनी मातीतच बांधून ठेवली होती! शिबिरात तीन दगडांच्या चुलीशेजारी निखारे ओढून ठेवले की तेच काम होते. तेल फार तापले तर धावपळ करून कढई उचलू नये. खालची लाकडे ओढून घ्यावी.

चुलीचे दगड नदीतले नकोत. त्यांत मुरलेले पाणी तापले की दगड फुटतो. कढई डुगडुगणार नाही अशी बसवावी, तेल अर्ध्याच्या खालीच ठेवावे. सरपण वाळलेले हवे, बाभळीचे असेल तर उत्तम निखारा पडतो. कण्हेरीच्या काटक्या चुकूनही घेऊ नयेत, ते झाड विषारी आहे. पुऱ्या आधी, भजी नंतर. पिठाचे कण तेलात जळत राहिले की पुढचा घाणा कडू होतो. बटाट्याच्या चकत्या पुसून घ्याव्या, झारा कोरडा असावा, आणि भजी कढईच्या कडेने, खाली वाकून सोडावी. उंचावरून टाकली की तेल उडते.

सर्वांत महत्त्वाचे: पेटलेल्या तेलावर पाणी कधीही ओतू नये. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जाते आणि क्षणात त्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते, ती जळते तेल घेऊन वर उसळते. कढईवर बसेल असे झाकण चूल पेटवण्यापूर्वीच हाताशी ठेवावे. ज्वाळा उठली तर झाकण सरकवून घालावे, खालची लाकडे ओढावी आणि कढई पूर्ण गार होईपर्यंत झाकण उघडू नये.

कपडे सुती घालावेत. नायलॉन-पॉलिस्टरचे कापड वितळून कातडीला चिकटते. ओढण्या तंबूत ठेवाव्या, लांब केस बांधावे. कपड्यांनी पेट घेतला तर पळायचे नाही, जमिनीवर लोळायचे. हात भाजला तर अंगठी-बांगडी लगेच काढावी आणि भाजलेला भाग २० मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, तूप, हळद यांपैकी काहीही लावू नये, फोड फोडू नये. भाजणे मोठे असेल तर १०८ ला फोन करावा.

जागेविषयी थोडेसे. पावागड-चांपानेरला २००४ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथील संरक्षित स्मारकांच्या आवारात, परवानगीच्या जागेखेरीज, स्वयंपाकाला मनाई आहे. जांबुघोडा अभयारण्यात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार अरण्याला धोका होईल अशी आग पेटवणे गुन्हाच ठरतो. सागाचा वाळलेला पाला एका ठिणगीने पेटतो. म्हणून आपली चूल वनखात्याने किंवा जागामालकाने नेमून दिलेल्या मोकळ्या जमिनीवरच मांडली जाईल, आणि भोवतालचा पाला दोन-तीन मीटरपर्यंत झाडून घेतला जाईल.

चूल विझवताना कढई आधी दूर ठेवावी. मग निखाऱ्यांवर पाणी घालावे, काठीने ढवळावे, पुन्हा पाणी घालावे. हाताची मागची बाजू राखेच्या जवळ नेऊन धग लागत नाही ना, ते पाहावे. वापरलेले तेल गार झाल्यावर गाळून डब्यात परत आणायचे आहे, मातीत ओतायचे नाही. त्यासाठी प्रत्येक गटाने घट्ट झाकणाचा एक रिकामा पत्र्याचा डबा सोबत आणावा.