टेकडी एव्हरेस्टहून उंच कशी झाली? त्रिमितीय आकृतीतील अक्षांचे प्रमाण



या वेळच्या अभ्यासलेखाचा विषय गणिताचा आहे, पण त्याची सुरुवात आमच्या एका चुकीपासून करावी लागणार आहे. ज्यांनी विज्ञान प्रदर्शन पाहिले, त्यांना 'आपला माळवा' हा विभाग आठवत असेल. उत्तर-पूर्वेला देवास, पश्चिमेला धार, दक्षिणेला मांडवगड आणि खाली नर्मदेचा काठ, एवढा मुलूख मीटरभर लांब-रुंद फळीवर दाखवायचा होता. मुलांना एकच प्रमाण दिले होते : १ किलोमीटरला १ सेंटीमीटर.

एका गटाने कागदाच्या लगद्याचे सुंदर पठार उभे केले. पठाराची कड आठ सेंटीमीटर उंच होती आणि देवासची माताजींची टेकडी चांगली नऊ सेंटीमीटर, वर दोन इवली देवळे, वळणाचा रस्ता, रंगकाम सुरेख. दुसरी फळी आठवीतील एका मुलीने एकटीने केली होती. तिने पुठ्ठ्याचे थर कापून जेमतेम चार-साडेचार मिलिमीटरची एक पायरी केली होती आणि देवासच्या जागी राजगिऱ्याचा एक दाणा चिकटवला होता. आम्ही परीक्षक होतो. पहिल्या फळीला आम्ही पहिले बक्षीस दिले आणि दुसऱ्या फळीपुढे 'काम अपुरे' असा शेरा लिहिला.

दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याचे आजोबा प्रदर्शन पाहायला आले. त्यांचा जन्म मोजणीच्या कामात गेलेला. त्यांनी खिशातली पट्टी काढली, लगद्याची टेकडी मोजली आणि हसून म्हणाले, "अहो, ही तर एव्हरेस्टच्या वर गेली की!" मग ते राजगिऱ्याच्या दाण्यापाशी बराच वेळ उभे राहिले.

हिशेब करून पाहू

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे 'पैमाना' हा शब्द आमच्या तोंडी आधी येतो. मराठीत त्यालाच 'प्रमाण' म्हणतात. तुमच्या भूगोलाच्या हिंदी पुस्तकात 'पैमाना' असे दिसले, तर अर्थ हाच घ्यावा.

१ किलोमीटरला १ सेंटीमीटर म्हणजे १ : १,००,०००. या प्रमाणात ९ सेंटीमीटर म्हणजे ९ किलोमीटर, अर्थात ९,००० मीटर. एव्हरेस्टची २०२० साली नेपाळ व चीन यांनी मिळून जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. आपली टेकडी शहराच्या सपाटीपासून सुमारे ३०० फूट, म्हणजे साधारण ९० मीटर उंच आहे. ९० मीटरचे या प्रमाणात किती होतात? ०.९ मिलिमीटर. राजगिऱ्याचा दाणा साधारण तेवढाच असतो.

आता पठार पाहू. महेश्वरजवळ नर्मदेचा काठ समुद्रसपाटीपासून सुमारे १५० मीटरवर आहे. देवास सुमारे ५३५, धार सुमारे ५६० आणि मांडवगड सुमारे ६३० मीटरवर. काठ हा शून्य धरला तर फळीवर देवास ३.८५ मिलिमीटर, धार ४.१ मिलिमीटर आणि मांडवगड ४.८ मिलिमीटर वर येतो. रूपमती मंडपातून खाली निमाड पाहताना पोटात गोळा येतो, आणि फळीवर ती सगळी खोली पुठ्ठ्याच्या दोन थरांची! ती मुलगी बरोबर होती. तिला बोलावून विचारले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मी मोजून केलं होतं." फळीच्या कोपऱ्यात तिने पेन्सिलीने प्रमाणही लिहिले होते. आम्ही ते वाचलेच नव्हते.

मग उंची वाढवणे चूक आहे का?

नाही. हेही तितकेच नीट समजून घ्यावे. राजगिऱ्याचा दाणा कोणाला दिसणार? मांडवगडापासून नर्मदेचा जवळचा काठ वीसएक किलोमीटरवर आहे आणि उतरण ४८० मीटरची. जमिनीची लांबी-रुंदी किलोमीटरमध्ये आणि उंची मीटरमध्ये असते, म्हणून नकाशे व मॉडेल करणारे जाणकारही उभ्या अक्षाचे प्रमाण मोठे घेतात. याला आपण 'उभी वाढ' म्हणू. ती काढायची रीत सोपी आहे : आडव्या प्रमाणातील मोठ्या संख्येला उभ्या प्रमाणातील मोठ्या संख्येने भागावे. आडवे प्रमाण १ : १,००,००० आणि उभे १ : १०,००० असेल, तर उभी वाढ १० पट. या हिशेबाने मांडवगड ४.८ सेंटीमीटर आणि टेकडी ९ मिलिमीटर होते. दोन्ही दिसतात आणि दोघांमधले नातेही खरे राहते.

बक्षीस मिळालेल्या फळीचा दोष उंची वाढवण्यात नव्हता. पठाराची उंची साधारण २० पट वाढवली होती आणि टेकडीची १०० पट. एकाच अक्षावर दोन प्रमाणे! त्यामुळे पठारापेक्षा टेकडी मोठी ठरली. शिवाय यातले काहीच लिहिलेले नव्हते.

उंची वाढवली की उतारही बदलतो, हे लक्षात ठेवा. येथे मुले नेहमी एक चूक करतात. ६ अंशांचा उतार १० पट वाढीत ६० अंशांचा होईल असे त्यांना वाटते. अंशांना गुणायचे नसते, 'टॅन'ला गुणायचे असते. ६ अंशांचा टॅन ०.१०५, त्याची १० पट १.०५, आणि हा टॅन सुमारे ४६ अंशांचा आहे. म्हणजे बैलगाडी आरामात चढेल असा उतार मॉडेलमध्ये कड्यासारखा दिसतो. म्हणून अशा मॉडेलवरून उतार कधी मोजू नये.

संगणक काय करतो?

पालक म्हणतील, आता फळ्या आणि लगदा कोण करतो, मुले संगणकावर त्रिमितीय आलेख काढतात. तेथे तर जास्तच सावध राहावे लागते, कारण प्रमाण संगणक स्वतः ठरवतो आणि विचारतही नाही.

अकरावी-बारावीची मुले पायथन शिकतात. त्यातील मॅटप्लॉटलिब या साधनात त्रिमितीय आलेखाची पेटी आपोआप ४ : ४ : ३ या आकाराची होते, आत आकडे कोणतेही असोत. आपलाच मुलूख घ्या. एक्स अक्षावर ९० किलोमीटर, वाय अक्षावर ९० किलोमीटर आणि झेड अक्षावर उंची ०.५ किलोमीटर. आडव्या अक्षावर १ किलोमीटरला ४ भागिले ९०, म्हणजे ०.०४४४ जागा मिळते. उभ्या अक्षावर १ किलोमीटरला ३ भागिले ०.५, म्हणजे ६. एकास दुसऱ्याने भागा : १३५. लगद्याच्या टेकडीने १०० पट केले, संगणकाने गुपचूप १३५ पट!

यावर उपाय आहे. २०२० साली आलेल्या ३.३ आवृत्तीपासून 'सेट बॉक्स अस्पेक्ट' या सूचनेने पेटीचा आकार आपण ठरवू शकतो, आणि २०२२ च्या ३.६ आवृत्तीपासून त्रिमितीय आलेखातही 'सेट अस्पेक्ट' ला 'ईक्वल' सांगितले की तिन्ही अक्षांचे प्रमाण सारखे होते. एक्सेलच्या त्रिमितीय आलेखात 'ऑटोस्केल' ही खूण काढली की उंची पायाच्या किती टक्के ठेवायची ते आपण लिहू शकतो. लहान वर्गांसाठी जिओजेब्रा सोपे. त्यात ३ त्रिज्येचा गोल काढा आणि एकाच अक्षाचे प्रमाण बदला. गोलाचा भोपळा होईल किंवा अंडे होईल. समीकरण मात्र तेच राहील. आकृती बदलली, वस्तू बदलली नाही, हे मुलांना एका क्षणात कळते.

अक्षांची मापे वेगवेगळी असतील तर?

येथवर तिन्ही अक्षांवर लांबीच होती. पण एका अक्षावर महिना, दुसऱ्यावर वर्ष आणि तिसऱ्यावर पाऊस मिलिमीटरमध्ये असेल, तर 'सारखे प्रमाण' या शब्दाला अर्थच उरत नाही. एक महिना किती मिलिमीटरबरोबर? येथे पेटी वाचायला सोयीची घ्यावी, पण दोन बंधने पाळावीत. खांबांचा आलेख असेल तर उभा अक्ष शून्यापासून सुरू करावा. आणि दोन आलेखांची तुलना करायची असेल तर दोन्हींचा उभा अक्ष अगदी एकच ठेवावा.

दुसऱ्या बंधनाचे महत्त्व देवासच्या माणसाला वेगळे सांगायला नको. १९९० च्या उन्हाळ्यात इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे आपले गाव. पुढे २००६ पासून जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी शेतात तळी खोदायला सुरुवात केली, ती पाण्याचा हिशेब ज्याचा त्याने ठेवावा म्हणूनच. समजा, तुम्ही नऊ विहिरी निवडल्या. एक्स व वाय अक्षांवर विहिरीची जागा, झेडवर पाणी किती मीटर खोल आहे ते. मे महिन्यात पाणी १४ ते १७ मीटरवर आणि ऑक्टोबरात ४ ते ८ मीटरवर मिळाले. संगणक पहिल्या आलेखात अक्ष १४ ते १७ घेईल, दुसऱ्यात ४ ते ८. दोन्ही पेट्या सारख्याच भरलेल्या दिसतील. विहिरी-विहिरींमधला तीन-चार मीटरचा फरक डोळ्यांत भरेल, आणि उन्हाळ्यात पाणी दहा मीटर खाली गेले ही मुख्य गोष्ट पूर्णपणे नाहीशी होईल. दोन्ही आलेखांत अक्ष ० ते २० घ्या, शून्य वर आणि २० खाली ठेवा, म्हणजे पाणी जसे खाली जाते तसेच आलेखातही खाली जाईल. आता शाळेत न गेलेली आजीसुद्धा पाहून सांगेल की मे महिन्यात काय झाले.

आकडे दोन्ही वेळा खरे होते. चुकला तो फक्त अक्ष. म्हणून आम्ही म्हणतो, अक्षाचे प्रमाण हा सजावटीचा भाग नाही, तो उत्तराचाच भाग आहे.

यापुढचे नियम

आमच्या शाळेत येत्या प्रदर्शनापासून पुढील नियम राहतील :

१. तिन्ही अक्षांवर एकच माप असेल तर आधी सारख्या प्रमाणाची आकृती काढावी. काही दिसत नसेल तरच उभी वाढ घ्यावी.

२. उभी वाढ संपूर्ण आकृतीत एकच असावी. आवडीच्या टेकडीला वेगळी सवलत नाही.

३. किती पट वाढ आहे ते आकृतीवरच ठळक लिहावे. प्रत्येक अक्षावर माप व आकडे असावेत.

४. तुलनेच्या आकृत्यांत अक्षाची सुरुवात, शेवट आणि प्रमाण एकच ठेवावे.

५. परीक्षकांनी आधी कोपऱ्यातले प्रमाण वाचावे, मग रंग पाहावा. हा नियम आमच्यासाठी आहे.

त्या विद्यार्थिनीची आम्ही प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर माफी मागितली आणि शेरा खोडला. लगद्याच्या गटाचे बक्षीस काढून घेतले नाही. मेहनत त्यांचीही होती आणि चुकीची शिक्षा मुलांना देऊन परीक्षक मोकळे होत नाहीत. दोन्ही फळ्या आता प्रयोगशाळेत शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत. मधल्या जागेत तिसरी फळी येणार आहे, १० पट उभ्या वाढीची, आणि ती दोन्ही बाजूंनी मिळून करायचे ठरवले आहे.

स्वाध्याय

१. आडवे प्रमाण १ : ५०,००० आणि उभे १ : १०,००० आहे. उभी वाढ किती पट?

२. उभे प्रमाण १०० मीटरला १ सेंटीमीटर घेतले, तर नर्मदेच्या काठापासून धार किती उंचीवर दाखवाल?

३. १० अंशांचा उतार ५ पट वाढीत किती अंशांचा दिसेल? (१० अंशांचा टॅन ०.१७६)

उत्तरे : १. पाच पट. २. ४.१ सेंटीमीटर. ३. सुमारे ४१ अंश.

पालकांना एक विनंती. येत्या रविवारी मुलांना घेऊन टेकडीवर जा. दर्शन झाले की कठड्यापाशी उभे राहून पश्चिमेकडे पाहा. जमीन किती सपाट आहे, ते मुलांनाच सांगू द्या. मग घरी येऊन कागदावर ती काढायला सांगा, आणि प्रमाण लिहायला विसरू देऊ नका.

आपले,
प्राचार्य