झेरॉक्स मागणाऱ्याचा अधिकार

प्रश्न : आधार सक्तीचं नाही असं सुप्रीम कोर्टानं सांगितल्याचं वाचलं होतं. तरी लॉजवर, पतसंस्थेत, मुलाच्या शाळेत, अगदी मंगल कार्यालय ठरवतानाही आधारची झेरॉक्स मागतात. नाही म्हटलं की काम अडतं. कोर्टाचा निकाल नेमका काय होता? आणि तो असूनही हे कसं चालतं?
— एक वाचक, कराड

उत्तर : तुम्ही वाचलंत ते खरं आहे, पण तो निकालाचा अर्धाच भाग आहे. 26 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं चार विरुद्ध एक मतानं आधार योजना वैध ठरवली. सरकारी तिजोरीतून मिळणारं अनुदान किंवा लाभ घेताना आधार मागता येईल आणि पॅनला आधार जोडावं लागेल, हे मान्य केलं. बँक खातं आणि मोबाइलचं सिम यांना आधार जोडण्याची सक्ती मात्र रद्द केली. खासगी कंपन्यांना आधार वापरण्याची मुभा देणारा कलम 57 मधला भाग घटनाबाह्य ठरवला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे, सरकारनं दिलेला लाभ नव्हे, म्हणून शाळाप्रवेशाला आधारची अट घालता येणार नाही, असंही स्पष्ट म्हटलं.

वर्षभरात, 2019 मध्ये, आधार कायद्यात दुरुस्ती झाली. बँका आणि मोबाइल कंपन्यांना ग्राहकानं ‘स्वेच्छेनं’ दिलेलं आधार वापरता येईल, अशी वाट त्यात ठेवली गेली. जानेवारी 2025 मध्ये नियम बदलून ती वाट आणखी रुंद केली. या दुरुस्त्यांत पर्यायी ओळखपत्राची तरतूद आहे, आधार नाही म्हणून सेवा नाकारू नये असंही आहे. म्हणजे कागदावर तुमचा हक्क शाबूत आहे. तो हरवतो खिडकीवर.

खिडकीमागच्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. लॉजच्या मॅनेजरला पोलीस विचारणार, पाहुण्याचं ओळखपत्र कुठे आहे? ते लायसन्स असलं काय नि मतदार कार्ड असलं काय, पोलिसांना चालतं. पण मॅनेजरला आधार सोयीचं वाटतं, कारण ते सगळ्यांकडे असतं. ‘तुम्ही आधार का घेतलंत?’ असं त्याला आजवर कोणी विचारलेलं नाही. ‘का घेतलं नाहीत?’ हे मात्र कोणीही विचारू शकतो. पतसंस्थेतला कारकून, शाळेतला क्लार्क, सगळे याच हिशेबानं वागतात. मागण्याबद्दल शिक्षा नाही आणि न मागण्याची धास्ती आहे. अशा व्यवस्थेत कोणताही ऐच्छिक कागद महिन्याभरात सक्तीचा होतो, त्यासाठी कायदा करावा लागत नाही. आणि ज्यांनी ही व्यवस्था उभारली त्यांना हे दिसत नव्हतं, यावर माझा विश्वास नाही.

2019 च्या त्याच दुरुस्तीनं आलेलं कलम 8अ सांगतं की, ऑनलाइन पडताळणी न करता आधारवरून ओळख पटवणाऱ्या कोणत्याही संस्थेनं आधार क्रमांक गोळा करायचा नाही, वापरायचा नाही आणि साठवायचाही नाही. आता तालुक्याच्या गावातलं कोणतंही झेरॉक्स सेंटर डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवतं, दुकानदार ती उघडून प्रिंट काढतो, फाइल डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पडून राहते. खाली तशाच शेकडो फाइली. संकेतस्थळावरून घेतलेल्या ई-आधारला पासवर्ड असतो खरा, पण तो असतो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं साल. गिऱ्हाईक तो रांगेत उभं राहून मोठ्यानं सांगतं. खराब निघालेली प्रिंट रद्दीत जाते, चांगली निघालेली लॉजच्या फायलीत, आणि ती फाइल कधी नष्ट करायची हे कोणीच ठरवलेलं नसतं.

हे आधार क्रमांक देणाऱ्या प्राधिकरणाला ठाऊक नाही असं नाही. 27 मे 2022 रोजी त्यांच्या बंगळुरूच्या प्रादेशिक कार्यालयानं सूचना काढली होती की, आधारची छायाप्रत कोणालाही देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो, त्याऐवजी शेवटचे चारच अंक दिसणारं ‘मास्क्ड आधार’ द्या. दोन दिवसांत, 29 मे रोजी, ती मागे घेतली. कारण सांगितलं की तिचा चुकीचा अर्थ लावला जाऊ शकतो. माझ्या मते ती सूचना अगदी बरोबर होती. ती खरी मानली असती तर देशभरातल्या कचेऱ्यांतल्या कोट्यवधी झेरॉक्सचं काय करायचं, हा प्रश्न समोर आला असता. तो यायलाच हवा होता.

आधारच्या गोष्टीचा आरंभ आपल्याकडचा आहे. पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत, एका महिलेला दिला गेला. त्या वेळी आधारचा कायदाच नव्हता. विधेयक आलं ते यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीनं 2011 मध्ये नाकारलं. नोंदणी चालूच राहिली. कायदा झाला मार्च 2016 मध्ये, तोवर क्रमांक शंभर कोटींच्या घरात गेले होते. तोही धनविधेयक म्हणून आला, म्हणजे राज्यसभेला त्यात बदल करण्याचा अधिकारच उरला नाही. राज्यसभेनं सुचवलेल्या पाच दुरुस्त्या लोकसभेनं त्याच दिवशी फेटाळल्या. 2018 च्या निकालात वेगळं मत देणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी हे राज्यघटनेशी केलेलं कपट असल्याचं नोंदवलं. सुरुवात एका पक्षाच्या सरकारनं केली आणि कळस दुसऱ्यानं चढवला. म्हणून हा प्रश्न अमुक सरकार चांगलं की वाईट असा नाहीच. आधी यंत्रणा उभी करायची, मग लोकांना तिच्यावर अवलंबून ठेवायचं आणि शेवटी न्यायालयात सांगायचं की आता मागे फिरता येणार नाही. माझा आक्षेप या क्रमाला आहे.

आधारमुळे काही जणांचं भलं झालं, हे मी नाकारत नाही. गाव सोडून मुंबईत आलेल्या, जन्मदाखला नाही, घराचा पुरावा नाही अशा मजुराच्या हातात पहिल्यांदा एक ओळख आली, त्याचं बँकेत खातं उघडलं. तो लाभ खरा आहे. पण ओळख देणं वेगळं आणि प्रत्येक वेळी अंगठा लावून ती पुन्हा सिद्ध करायला लावणं वेगळं. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनसमोर कधी तासभर उभं राहून पाहा. ऊसतोडीला जाणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, वीटभट्टीवरच्या बायांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. ‘अंगठा उठत नाही’ असं दुकानदार म्हणतो. बाई बोट पदराला पुसते, दुसरं लावते, तिसरं लावते. कधी सर्व्हर नसतो. कायद्यात पर्यायी मार्ग लिहिलेला आहे, पण तो वापरायचा की ‘उद्या या’ म्हणायचं, हे दुकानदाराच्या मर्जीवर. त्या ‘उद्या’साठी तिची एक दिवसाची मजुरी बुडते, आणि ती कोणत्याही बचतीच्या आकड्यातून वजा होत नाही.

2017 मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी गेली. आधारशी न जोडल्यामुळे तिच्या घराचं रेशन बंद झालं होतं. सरकार म्हणालं मलेरिया, आई म्हणाली भूक. आपल्याकडे 2025 च्या सप्टेंबरात ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची केली, तेव्हा महिलेबरोबर तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली गेली. जिचा नवरा नाही आणि वडीलही नाहीत, तिनं कोणाचा क्रमांक टाकायचा? ओरड झाल्यावर मुदत वाढली, अशा महिलांसाठी वेगळी सोय केली गेली. पण महिन्याच्या 1500 रुपयांवर घर चालवणाऱ्या विधवा बाईचा विचार फॉर्म तयार करताना कोणाच्याही मनात आला नाही, हे मला फार लागतं.

प्रश्न : माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. सरकारला माझी माहिती असली तर बिघडलं कुठे?
— एक निवृत्त शिक्षक, लातूर

उत्तर : सर, तुमच्याकडे लपवण्यासारखं काही नसेल यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण प्रश्न तुमच्या सचोटीचा नाही, माहिती ज्याच्या हाती जाते त्याच्यावर कोणाचा अंकुश आहे, हा आहे. आधारनं ओळख पटवली की त्याची नोंद राहते. सुरुवातीला या नोंदी पाच वर्षं ठेवण्याची तरतूद होती, ती कोर्टानं सहा महिन्यांवर आणली. आधार कायद्याचा भंग झाला तर खटला भरण्यासाठी तक्रार करण्याचा अधिकारही आधी फक्त प्राधिकरणाला होता, ज्याची माहिती फुटली त्या नागरिकाला नव्हता. कोर्टानं बोट ठेवलं तेव्हा 2019 मध्ये ते बदललं. पाहा, दोन्ही सुधारणा सरकारला आपणहून सुचलेल्या नाहीत.

आधारच्याच खटल्यात केंद्र सरकारच्या महान्यायवादींनी 2015 मध्ये कोर्टात सांगितलं होतं की खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही. त्यासाठी 1954 आणि 1962 चे जुने निकाल दाखवले. त्यामुळे प्रश्न नऊ न्यायमूर्तींपुढे गेला आणि 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊच्या नऊ जणांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्वाळा दिला. याचिका कोणाची होती? के. एस. पुट्टस्वामी, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. तुमच्यासारखाच लपवण्यासारखं काही नसलेला माणूस.

त्याच सुमारास माहिती संरक्षणाचा कायदा करण्यासाठी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांची समिती नेमली गेली. तिनं 2018 मध्ये मसुदा दिला. सरकारनं तो बदलून 2019 मध्ये विधेयक आणलं, तेव्हा सरकारला दिलेल्या सवलती पाहून खुद्द श्रीकृष्ण यांनीच कडक टीका केली. ते विधेयक 2022 मध्ये मागे घेतलं आणि ऑगस्ट 2023 मध्ये नवा कायदा झाला. त्यातल्या कलम 17 नुसार केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला, देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी, कायद्यातून वगळू शकतं. दंड 250 कोटींपर्यंत आहे, पण तो जमा होतो सरकारच्या तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला या कायद्यानं भरपाई नाही.

सर्वांत जास्त टोचणारी तरतूद मात्र कायद्याच्या शेपटाकडे आहे. कलम 44 नं माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(1)(ज) बदललं. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर ती सार्वजनिक कामाशी निगडित नाही, असं दाखवावं लागे. आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्ती होती. आता नुसतं ‘वैयक्तिक माहिती’ म्हटलं की पुरे. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम आले आणि हा बदल तत्काळ लागू झाला. नागरिकाला संरक्षण देणाऱ्या बहुतेक तरतुदींना मात्र अठरा महिन्यांची मुदत दिली.

सरकारचं म्हणणं असं की कलम 8(2) शिल्लक आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येईल. येईल, पण ते ठरवणार तोच अधिकारी. महाराष्ट्रानं केंद्राच्या आधी, 2002 मध्ये, माहिती अधिकाराचा कायदा केला. रोजगार हमीचा कायदाही आपला, 1977 चा. हजेरीपटावर कोणाची नावं आहेत, घरकुलाच्या यादीत सरपंचाचे किती भाऊबंद आहेत, हे विचारूनच गावोगावची चोरी उघडी पडली. ती सगळी नावं ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून झाकता येतील. सर, तुमची माहिती सरकारला लागते आणि सरकारची माहिती तुम्हाला मिळत नाही, इथे बिघडलं.

प्रश्न : मग आम्ही करायचं काय? प्रत्येक खिडकीवर भांडत बसायचं का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : भांडण नको, विचारणा करा. खासगी ठिकाणी आधी दुसरं ओळखपत्र पुढे करा. आधारच द्यायचं झालं तर मास्क्ड आधार द्या, ते संकेतस्थळावरून फुकट मिळतं. झेरॉक्सवर तारीख, कोणाला आणि कशासाठी दिली हे लिहून सही करा, अक्षरं छापील मजकुरावरून जाऊ द्या. बोटांचे ठसे प्राधिकरणाच्या अॅपमधून लॉक करून ठेवता येतात. शाळेत मुलाच्या ‘अपार’ या विद्यार्थी ओळख क्रमांकासाठी संमतीचा कागद आला तर वाचून मगच सही करा, कारण नकार देणं हा तुमचा हक्क आहे. सरकारी कचेरीत अडवलं तर ‘कोणत्या नियमानं मागताय ते लेखी द्या’ एवढंच म्हणा.

आवाज उठवून उपयोग होत नाही असं मानू नका. 28 नोव्हेंबर 2025 रोजी दूरसंचार विभागानं मोबाइल कंपन्यांना आदेश दिला की प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी अॅप आधीच टाकलेलं असावं आणि ते निकामी करता येऊ नये. मंत्री म्हणाले हवं तर काढून टाका, आदेशाचा मजकूर वेगळंच सांगत होता. संसदेत आणि बाहेर गदारोळ झाला, आणि 3 डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. अॅप हरवलेला फोन शोधायला खरंच उपयोगी आहे. ज्याला हवं त्यानं ते आजही घ्यावं, आणि ज्याला नको त्याच्या फोनमध्ये ते घुसवू नये.